मीठ घालताना

सून : नाही आई, आज मी पाळकसाहेबांना फोन करून सांगणारच. चर्चमधल्या प्रभुभोजनाचा पाव यापुढे दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. विषय संपला.

सासू : सांग की. पण आधी ते पीठ मळून घे. अर्धवट भिजवलेलं बघवत नाही मला.

सून : उभा जन्म तुम्ही केलात, कुणी नाव ठेवलं नाही. माझ्या हाती दिलात आणि गेल्या रविवारी मी दोनदा मीठ घातलं. दोनदा! मूर्ख, वेंधळी, बिनडोक बाई...

सासू : ए! माझ्या स्वयंपाकघरात माझ्या सुनेला शिव्या कोण देतंय?

सून : अहो, मीच देतेय.

सासू : कुणी का असेना. मी खपवून घेणार नाही.

सून : अख्ख्या चर्चची तोंडं वाकडी झाली हो! पहिल्या बाकावरचे शिंपीकाका डोळे मिटून असे थरथरले, मला वाटलं झटकाच आला.

सासू : तो म्हणाला, इतक्या वर्षांत उपासनेत डोळ्यांना पाणी आलं ते पहिल्यांदाच.

सून : आणि पाळकसाहेबांना ऐन आशीर्वादात ठसका!

सासू : द्राक्षरसाचे पेले मात्र कसे भराभर रिकामे झाले!

सून : हसू नका ना. आठवडाभर गुडघे टेकून माफी मागतेय मी.

सासू : प्रभूनं ती पहिल्याच दिवशी केली असेल. आता रोज तेच ऐकून कंटाळला असेल बिचारा. बरं, मला सांग, हेच शेजारणीच्या हातून झालं असतं तर?

सून : म्हटलं असतं, अगं होतं असं, बस, चहा घे.

सासू : आणि स्वतःला बिनडोक! शेजारणीवर स्वतःसारखी माया करायची म्हणतात. तू स्वतःवर करतेस तसली तिच्यावर केलीस, तर घर सोडून पळेल ती.

सून : आई!

सासू : हसलीस ना? आता सांग, मीठ घालताना कुठे होतीस?

सून : इथेच, ओट्यापाशी.

सासू : हात ओट्यापाशी. तू कुठे होतीस?

सून : ...धाकटीच्या परीक्षेत. मग ह्यांच्या बदलीत. मग तुमच्या गुडघेदुखीत.

सासू : माझ्या गुडघ्यात शिरून काय करत होतीस? ये बाहेर. तळवा पिठावर ठेव. श्वास घेताना म्हण, प्रभू, तू इथे आहेस. सोडताना म्हण, मीही इथे आहे. मन पळालं तर रागवायचं नाही. रांगतं मूल उंबऱ्यावरून उचलून आणतो ना, तसं आणायचं.

सून : प्रभू, तू इथे आहेस... मीही इथे... आई, दूध उतू जातंय का?

सासू : दूध तापत ठेवलेलंच नाही. ये परत.

सून : आले. ...मीही इथे आहे. अय्या, पीठ कोमट लागतंय हो हाताला. आणि या कडेला अजून कोरडं आहे. मनगटावर ऊन आलंय.

सासू : बघ, केवढं काय काय चाललं होतं इथे. तूच तेवढी नव्हतीस.

(सासूच्या हातून रिकामी परात पडल्याचा मोठा आवाज.)

सासू : घ्या! मेली म्हातारी, एक परात धड धरता येत नाही...

सून : ए! माझ्या सासूला माझ्यासमोर शिव्या कोण देतंय?

सासू : बरं बाई, हरले. मग, लावू फोन पाळकसाहेबांना?

सून : लावा. विचारा, उद्या पाहुणे आहेत का कुणी? पाव जरा मोठा करते.

सासू : मीठ घातलंस?

सून : आत्ताच घातलं. घालताना मी इथेच होते.