ओल्या रंगावरचा पंजा

मी, गल्लीत ‘बॉडीवाल्या काकू’ म्हणून ओळखली जाणारी, वय ४९ वर्षे, धंदा – घरकाम, तसेच मोटरसायकलच्या फुटलेल्या बॉडीची घरच्या घरी दुरुस्ती व रंगकाम, राहणार – सुताराच्या दुकानावरचा पहिला मजला, आज पोलीस ठाण्यात आपणहून हजर होऊन, साहेबांनी विचारल्यावरून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी, आमचे हे, सासूबाई व मुलगी असे चौघे राहतो. ‘आमचे हे’ असे जबाबात चालत नाही असे हवालदारांनी सांगितल्यावरून यापुढे पती असे म्हणते. पती बस चालवतात, आज त्यांची सुट्टी होती. मुलगी कुरिअरच्या ऑफिसात कामाला असून मोटरसायकलच्या शर्यतीत भाग घेते. उद्या सकाळी तिची निवडीची शर्यत आहे. पहिल्या तिघांत आली तर तिला संघात घेणार, नाहीतर वयाच्या अटीमुळे पुन्हा संधी नाही. त्यामुळे सध्या आमच्या घरात कोणाचे चित्त ठिकाणावर नाही.

मागच्या आठवड्यात सराव करताना मुलगी वळणावर घसरली. तिला खरचटले आणि गाडीची डाव्या बाजूची बॉडी फुटून तीन तुकडे झाले. बॉडी म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाला दोन्ही अंगांनी बसवलेले प्लास्टिकचे आवरण, ते अखंड नसले तर शर्यतीत उतरू देत नाहीत. मी मुलीच्या आधी बॉडी पाहिली असे सासूबाई सगळीकडे सांगतात, ते खरे नाही, मी दोन्ही एकदमच पाहिले. ते तुकडे मी सोल्डरिंग आयर्नने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या सळीने, आतून वितळवून, स्टीलची जाळी दाबून जोडले. बाहेरून खड्डे बुजवायचा लगदा म्हणजे फिलर भरला, पाणी लावून घासला, रंग धरावा म्हणून प्रायमर मारला, लाल रंग मारला. आज दुपारी चकाकीचा शेवटचा थर मारला, त्याला आम्ही क्लिअर म्हणतो. तो थर असा बसला की त्यात मला डोक्यावरच्या पंख्याची पाती मोजता आली. असा हात क्वचितच लागतो. याची जबाबात गरज नाही असे हवालदार म्हणाले, पण मी ते लिहायला लावले.

क्लिअर सुकेपर्यंत आमच्या घरात कोणी हलत नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. खाली सुताराचा भुसा उडत असतो, एक कण बसला तरी कामाची माती होते. म्हणून मधल्या खोलीची फरशी ओली करायची, पंखे बंद करायचे आणि सर्वांनी स्वयंपाकघरात जाऊन दाराला ओली चादर लावून गप्प बसायचे. बेल वाजली तरी उठायचे नाही. क्लिअर मारतानाच एका चिकटपट्टीवरही तोच थर मारून ती स्वयंपाकघरात सोबत न्यायची, तिच्यावर बोट टेकवून पाहायचे, बोट चिकटले नाही की सुटका. थरावर बोट कधीच लावायचे नाही. मुलीचा शाळेतला बराचसा अभ्यास अशा वेळातच झाला आहे.

आज मी, पती व सासूबाई असे बसलो असताना पुढच्या खोलीचे दार उघडल्याचा आवाज आला. मुलगी कामावर होती. पावले जड होती व थांबत थांबत पडत होती. पती उठू लागले. मी त्यांना शर्ट धरून खाली बसवले. त्यावेळी आमच्यात कुजबुजत्या आवाजात झालेले बोलणे असे.

“अगं, कोणीतरी घरात शिरलंय.”

“कळलं मला. बसा खाली.”

“चोर असला तर?”

“चोरच आहे. पाहुणा असता तर हाक मारली असती. तुम्ही हलू नका, धूळ उडेल.”

“लोक ऐकतील तर काय म्हणतील आपल्याला?”

“उद्या पोरगी शर्यतीत उतरली की विचारा लोकांना.”

सासूबाई म्हणाल्या, “अगं, चोर आला की ओरडायचं असतं.” मी म्हणाले, “रंग सुकला की ओरडा.” त्यांना शिंक येत होती, ती त्यांनी नाक दाबून जिरवली. याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

त्यानंतर मधल्या खोलीचे दार करकरले. तेव्हा मात्र माझ्या तोंडचे पाणी पळाले. पुढच्या खोलीतून काय जाते याची मला पर्वा नव्हती, पण ते दार आपटले असते तर सगळा भुसा आत आला असता. मला राहवले नाही. मी बसल्या जागेवरून ओरडले, “अहो, जे कोण असाल ते! दार हळू लावा, आत ओला रंग आहे!” आत कोणीतरी धडपडल्याचा आवाज झाला. मग दार अगदी हलक्या हाताने लागले. पती म्हणाले, “आपल्या पोरीपेक्षा शहाणा दिसतोय.” पावले जिन्यावरून उतरून गेली.

चोराचा पाठलाग का केला नाही व तक्रार द्यायला उशीर का झाला असे साहेबांनी विचारले. त्याचे कारण एवढेच की चिकटपट्टीला बोट अजून चिकटत होते. पती जायला तयार होते, मी जाऊ दिले नाही. त्यांना यावरून कोणी हिणवू नये.

पट्टी कोरडी लागल्यावर मी चादर सारून मधल्या खोलीत गेले. बॉडीवर धुळीचा एक कण नव्हता आणि बरोबर मधोमध पंजा उमटला होता. पाचही बोटे, तळहात, सगळ्या रेषांसकट. मी ओरडले तेव्हा तो दचकला असावा आणि तोल सावरायला त्याने हात टेकला असावा. पुढच्या खोलीतून पतींचा मोबाईल, भिंतीवरचे घड्याळ आणि खिडकीत धुऊन ठेवलेली माझी रंग मारायची गन गेली. गन नाही म्हणजे तो थर घासून पुन्हा मारता येणार नव्हता. मी मटकन खाली बसले आणि रडले. हे लिहायला हरकत नाही.

त्यानंतर बॉडी दोन्ही हातांवर धरून मी व पती चालत पोलीस ठाण्यात आलो. साहेबांनी भिंग लावून पंजा पाहिला आणि ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. म्हणाले, “काकू, असला ठसा अख्ख्या नोकरीत पाहिला नाही!” त्यांनी सगळ्या ठाण्याला बोलावले. एक शिपाई तर अर्ध्या जेवणावरून उठून आला. या महिन्यात आमच्या भागात बरीच घरे फुटली आहेत, खालच्या सुताराची हत्यारेही गेली आहेत, आणि आजवर चोराचा काही माग लागला नव्हता. सर्वांचे चेहरे पाहून मलाही स्फुरण चढले. मग साहेबांनी सांगितले की बॉडी सील करून जप्त करावी लागेल व तपासणीला पाठवावी लागेल, परत कधी मिळेल ते सांगता येत नाही.

मी फोटो काढून घ्या म्हणाले. त्यांनी पुष्कळ फोटो काढले. चकाकी इतकी आहे की प्रत्येक फोटोत छतावरची ट्यूबलाइट तेवढी आली.

मी मला तक्रार द्यायची नाही असे सांगून बॉडी उचलली व दाराकडे निघाले. साहेब आडवे आले. म्हणाले, “काकू, अजून किती घरं फुटायची वाट बघू?” मी म्हणाले, “आणि माझ्या पोरीनं काय पुन्हा जन्म घ्यायचा?”

तेवढ्यात सासूबाईंचा निरोप मिळून मुलगी कामावरून परस्पर ठाण्यात आली. तिने पंजा पाहिला आणि ती हसली. “आई, केवढा हात आहे गं!” मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, “उद्या शर्यतीआधी गाडी तपासतात, त्यात चकाकी कोण बघतंय? भेग नसली, भोक नसलं, की झालं.” मी म्हणाले, “कधी नव्हे तो असा थर बसलाय. तो अंगावर घेऊन तू जिंकावीस असं वाटत होतं मला.” ती म्हणाली, “आई, मला फक्त त्या शर्यतीत उतरायचंय.” हवालदारांनी पाणी दिले.

नंतर मी साहेबांना विचारले की तुम्हाला बॉडी पाहिजे की पंजा. ते म्हणाले, पंजा. मी पतींना घरी पाठवून कापायचे पाते, सोल्डरिंग आयर्न, जाळी, फिलर व जुन्या बॉडीचा एक तुकडा मागवला. दोन पंचांसमक्ष, साहेबांच्या टेबलावर, पंजाभोवतीचा चौकोन मी माझ्या हाताने कापून दिला. पहिली रेघ जरा वाकडी आली, पुढच्या तीन सरळ आल्या. तो तुकडा माझ्यासमोर पाकिटात घालून सील केला व त्यावर माझी सही घेतली.

आता जबाब देत असताना त्या भोकात मी जुन्या बॉडीचा तुकडा आतून जोडला आहे. चहाच्या किटलीचा प्लग काढून तिथे सोल्डरिंग आयर्न लावले आहे. पतींनी बॉडी धरली आहे, साहेबांनी दिवा धरला आहे. लाल बॉडीवर मधोमध फिलरचा राखाडी चौकोन राहणार, त्याला काही इलाज नाही. मुलीने त्या जागी अंगठ्याने जोर देऊन पाहिले आणि “दगड आहे दगड!” म्हणून माझ्या गळ्यात पडली. बाहेरून फिलर भरणे तेवढे बाकी आहे.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला व मी काम करता करता ऐकला. मी बोलले तसाच उतरला आहे. चोराबद्दलचे माझे दोन शब्द त्यांनी सौम्य केले आहेत, ते तसेच राहू द्यावेत. फिलर कालवून झाला आहे, तो लगेच घट्ट होतो, कोणासाठी थांबत नाही, म्हणून हात न पुसता सही करते. सहीशेजारी उमटलेला राखाडी अंगठा माझा आहे, तो तपासणीला पाठवू नये.