कोणी गेलेलं नसताना

(वेस्ट व्हर्जिनियातल्या एका डोंगरी काउंटीचं कोर्ट. वर काउंटीचा कारभार पाहणाऱ्या कमिशनची सभा भरली आहे. दाराबाहेर ट्रेसा, कडेवर तिचा लहानगा एमस, आणि तिची मावशी आर्व्हेला.)

ट्रेसा : अगं पण सभेला कुणी जेवण घेऊन येतं का?

आर्व्हेला : मी एकटीनं नाही आणलेलं. चर्चमधल्या सगळ्या बायकांनी आणलंय. हॅम, बटाटे, बीन्स.

ट्रेसा : आता मतं पडायचीत, मावशी! लाच म्हणतील. एमस, हात काढ, भाजेल. ते भांडं जरा लांब धर ना, त्याचा डोळा त्याच्यावरच आहे.

आर्व्हेला : पोर मजेत आहे. तुझं सांग. बोलायचं पाठ आहे ना?

ट्रेसा : गाडीतून उतरेपर्यंत होतं. त्यांनी शेरिफच्या नव्या गाड्यांना मत दिलं तर जोलीनचं काय गं? परवा बाथरूमचं दार मी तोडलं म्हणून नशेच्या गोळ्या घेऊन पडलेली ती सापडली. ओठ निळे पडले होते तिचे. उपचाराला जाते म्हणते, पण तान्ह्या विनीला सोडून नाही. आणि आईला तान्ह्या बाळासकट घेणारं ठिकाण या अख्ख्या डोंगरात नाही. पुढच्या वेळी मी घरात नसले तर?

आर्व्हेला : हेच बोल आत. पाठ केलेलं राहू दे.

बर्डेट : (आत, अध्यक्षाच्या खुर्चीवरून) या, ट्रेसा. आर्व्हेलाबाई, सभा चालू आहे. टेबलावर हे काय मांडताय?

आर्व्हेला : तू अध्यक्ष असशील, हॅस्केल, पण चर्चच्या रविवारच्या शाळेत मी तुला शिकवलंय. आधी टोपी काढ.

बर्डेट : काढली. ट्रेसा, थोडक्यात सांगतो. औषध कंपन्यांनी व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या विकून या काउंटीचं वाटोळं केलं, त्याच्या भरपाईची ही रक्कम. शेरिफना नव्या गाड्या हव्यात. गाडी डोळ्यांना दिसते. तुमचं म्हणणं, बंद पडलेल्या शाळेत उपचार घेणाऱ्या बायकांना पोरांसकट ठेवा, वर मनाचे डॉक्टर नेमा. आणि त्या पुन्हा गोळ्यांकडे घसरल्या तर?

ट्रेसा : साहेब, शेरिफची गाडी या हिवाळ्यात कितीदा बंद पडली?

बर्डेट : त्याचा इथे काय संबंध?

ट्रेसा : दर वेळी तुम्ही ती गॅरेजला पाठवलीत. तिच्यात जिद्द नाही, असं कुणी तिला ऐकवलं नाही.

बर्डेट : हसू नका! लॉटन, तू कमिशनर आहेस, तू तरी हसू नकोस. आणि हा वास... थांबा. हेच बटाटे, हाच हॅम. हे तर मयताच्या घरी नेता तुम्ही. कोण गेलं? मला कसं कुणी कळवलं नाही?

आर्व्हेला : कोणी नाही गेलं.

बर्डेट : मग हे कशाला?

आर्व्हेला : ट्रेसाच्या बहिणीसाठी, जोलीनसाठी. ती जिवंत आहे.

बर्डेट : काहीतरीच काय बोलता, आर्व्हेलाबाई!

आर्व्हेला : कुठल्या घरी नाही नेलं मी हे? तुझ्याकडेही आणलं होतं, तुझा डॅरेल गेला तेव्हा. पेपरात तू ‘हृदयविकारानं निधन’ छापलंस. मी विचारलं नाही. इथे कुणी विचारत नाही. भांडं ठेवायचं, गळ्यात पडायचं, निघायचं. आता नुसती ॲम्ब्युलन्स गेली तरी माझे हात बटाटे सोलायला लागतात. वीट आला रे. म्हटलं, या वेळी आधी न्यावं.

ट्रेसा : मावशी, बस. पुरे.

बर्डेट : बोलू द्या त्यांना. ...क्लार्कबाई, सभेच्या नोंदीत हे घेऊ नका. नाही, घ्या. डॅरेलच्या हृदयाला काही झालेलं नव्हतं. माझा मुलगा त्या गोळ्यांनी गेला. घेतलंत? आता मतं. लॉटन?... गाड्या. बरं. मिसेस पेरी?... शाळा. म्हणजे माझ्यावर आलं.

ट्रेसा : साहेब...

बर्डेट : शाळा उघडा. सगळी रक्कम तिकडे. मनाचे डॉक्टरही नेमा. आणि रंगरंगोटीसाठी थांबायचं नाही, एक खोली या आठवड्यातच चालू झाली पाहिजे. शेरिफ, तुमची गाडी गॅरेजला न्या. अहो, शांत बसा सगळे! टेबलं काय बडवताय! बडवा, बडवा.

आर्व्हेला : झाली ना मतं? मग वाढते. हॅस्केल, तुला कडेचे खरपूस बटाटे ना?

बर्डेट : त्या वेळी माझ्या घशाखाली काही उतरलं नव्हतं. जास्त वाढा.

ट्रेसा : मावशी, एमसला धर. गरम काही देऊ नकोस त्याला. ...हॅलो, जोलीन? झालं गं! मिळालं! ...हो, या आठवड्यात. ...नाही, खोटं कशाला बोलू? ...रडू नकोस, मला काही ऐकू येत नाही.

आर्व्हेला : काय म्हणतेय?

ट्रेसा : पुन्हा पुन्हा तेच विचारतेय. विनीला खरंच आणू का म्हणून.

आर्व्हेला : म्हणावं, बोलावणं विनीलाच आहे. जमलं तर तूही ये तिच्याबरोबर.

ट्रेसा : ऐकलंस? मावशी म्हणतेय... ऐकलंस ना?

आर्व्हेला : काय झालं गं? ठेवला का तिनं फोन?

ट्रेसा : नाही. हसतेय ती.