धबधब्याचं कार्ड

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या मांडीवर प्रवासात जमवलेल्या पोस्टकार्डांचा अल्बम होता.

"हा बघ धबधबा. आठवतो?"

"डोळ्यांत औषध घातलंय, काही दिसत नाही. आणि तेव्हा तरी कुठे पाहिला? मी तुमच्या आईंजवळ लॉजच्या खोलीत होते."

"बरं, हे दीपगृह?"

"तेव्हा धाकट्याला ताप होता. तुम्ही एकटेच जाऊन आलात."

"एवढं फिरवलं तुला, त्याचं काही नाहीच!"

"फिरलात तुम्ही. मी खोल्या पाहिल्या."

"आता कशाला उकरून काढतेस?"

"उकरत नाही हो. उरलेली नजरही जाणार म्हणालेत डॉक्टर. निदान सांगा तरी, पाणी कसं पडत होतं?"

आजोबांनी पानं मागे उलटून धबधब्याचं कार्ड काढलं.

"आठवत नाही गं. म्हणून तर कार्ड घेतलं होतं."