वेस्ना कोण?

(आखातातल्या अदलिया भागातला फ्लॅट. हेमाच्या मांडीवर तान्ही मुलगी. उद्या बारसं.)

हेमा : परत सांगा. काय नाव म्हणालात?

दत्तप्रसाद : वेस्ना.

हेमा : आपल्यात कोणाचं ऐकलं नाही.

दत्तप्रसाद : सर्बिया, स्लोव्हेनिया, तिकडे ठेवतात मुलींना. वेस्ना म्हणजे वसंत ऋतू. त्यांच्याकडे या नावाच्या देवीच्या गोष्टी पण आहेत, थंडी संपली की येते ती. आणि गंमत म्हणजे आपला वसंत आणि त्यांची वेस्ना, दोन्ही शब्दांचं मूळ एकच.

हेमा : हॉटेलातले पंप बघता तुम्ही. हे कुठून कळलं?

दत्तप्रसाद : नेटवर वाचलं.

हेमा : वसंत शोधताना वेस्ना सापडली, की वेस्ना आधीच ओळखीची होती?

दत्तप्रसाद : हेमा, बाळ झोपलंय.

हेमा : मी हळूच बोलतेय. झल्लाकला तुमच्या हॉटेलात आहे का कोणी?

दत्तप्रसाद : होती. मुलांना पोहायला शिकवायची. व्हिसा संपला, गेली परत. खलास.

हेमा : मला सातवा लागला होता, तेव्हा होती?

दत्तप्रसाद : होती.

हेमा : तेव्हा एकदा कोणाचा तरी ढगळ टी-शर्ट घालून घरी आलात. युनिफॉर्मवर चहा सांडला म्हणालात.

दत्तप्रसाद : चहा नव्हता सांडला.

हेमा : मग?

दत्तप्रसाद : जेटीवरून वाकून पाइप बघत होतो. पाय सटकला. मला पोहता येत नाही, तुला माहितीय. नाकातोंडात पाणी गेलं. तिनं उडी मारून कॉलर धरली. शुद्धीवर आलो तर वाळूत पडलेलो, आणि ती तिच्या भाषेत मला शिव्या घालत होती.

हेमा : आणि मला चहा.

दत्तप्रसाद : तुझं बीपी वाढलेलं. सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला कसलंही टेन्शन देऊ नका. मग उद्या सांगू, परवा सांगू...

हेमा : फोटो आहे तिचा?

दत्तप्रसाद : हा बघ.

हेमा : ही? ही माझ्या आईपेक्षा मोठी दिसतेय.

दत्तप्रसाद : नातवंडं आहेत तिला.

हेमा : अजून काही लपवलंय?

दत्तप्रसाद : नाही.

हेमा : तुमच्या ‘नाही’वर आता लगेच विश्वास नाही बसायचा.

दत्तप्रसाद : बरोबर आहे. नाव राहू दे मग. इरावती ठेवू, तुला आवडतं ते.

हेमा : तुमच्या ताईंना हाक मारा आतून. उद्या हिच्या कानात नाव त्याच सांगणार. उच्चार नीट शिकवून ठेवा त्यांना.