भर मांडवात तेल

नाव लिवा कौसल्या, आडनाव राहू द्या, आडनावानं काय होते. माहेर माझं लाखांदूरकडचं, सासर हे सानगडी, तलावाखाली धानाच्या चार बांध्या आहेत, त्यावर आमचं चालते. आनि तेलाचं मंग विचारा जी, पहिलेच सांगून ठेवतो. जो येते तो तेलच विचारते, बाई कोनतं तेल लावता, त्यात काय टाकता, आमाले बी एक शिशी द्या न. आता त्या तेलाच्या नावानंच माझं डोक्सं तापते. तेलात काही नाही. खोबऱ्याचं आहे, दुकानातलं, तुमच्या घरी असन तेच. तुमाले जे ऐकाचं आहे ते तेलाचं नाही, माझ्या पोरीचं आहे, ते ऐकाचं असन तं बसा, नाहीतं चहा घ्या आनि जा.

बसता न? बरं.

माझी एक आत्या होती, बापाची मोठी बहीन, नवरा गेल्यावर आमच्याच घरी राहे. धान रोवन्याच्या दिवसात आमच्या गावच्या बाया दिवसभर चिखलात वाकून राहत, वरतून पानी, डोक्स्यावर मोऱ्याचं, म्हंजे इरल्याचं, ओझं, आनि बाजाराच्या दिवशी रोवना बंद राहे तं साऱ्याजनी आंग धुवून आमच्या आंगनात येत. एकीमागं एक बसत, लेकरायची रेलगाडी राहते न तशा, आनि जिनं तिनं आपल्या समोरचीच्या डोक्स्याले तेल लावाचं. सगळ्यात मागं आत्या. तिच्या मागं कोनी नाही, म्हनून मी तिच्या मागं बसो. तिनंच मले शिकवलं. नख लागू द्याचं नाही, बोटाच्या पेरानं दाबाचं. केस घासाचे नाही, खालचं कातडं हललं पाहिजे, केस नाही. कपाळापासून हळूहळू मागं, कानाच्या मागं, मंग मानेत खड्डा राहते तठी आंगठा ठेवून थोडासा दम घ्याचा. जोर लावला का आत्या मागं न पाहता म्हने, भांडे घासून राहिली का गं, मानसाचं डोक्सं आहे. बस, एवढीच माझी विद्या. सानगडीत आल्यावर शेजारपाजारच्या बायायले लावलं, बाळंतिनीले लावलं, कोनी थकून आली तं बस म्हनलं समोर. त्यात काही मोठेपना नाही, ज्याले हात आहे त्याले येते.

वनिता माझी एकुलती पोरगी. तिले लहानपनापासून मीच तेल लावलं, तिचे केस बरे होते, दाट होते, कमरेखाली जात. चिखला गावचे पाव्हने तिले पाहाले आले तेव्हा चहापोहे झाले, नाव विचारलं, शिक्षन विचारलं, आनि मंग होनारी इहीन उठली आनि तिची वेनी हातात धरून पाहू लागली, वजन करते तशी, बाजारात गाईची शेपूट उचलून पाहते न मानूस तशी. आनि म्हनते, केस असली आहेत हो. सारे हसले. मीबी हसली. वनिताचे बाबा म्हनले, चांगले लोकं आहेत, मोकळे आहेत. काय सांगू तुमाले, मानूस किती पागल राहते पोरीच्या लग्नाच्या घाईत.

जवाई प्रमोद, तिकडं चिखल्याले मॅंगनीजची खान आहे न, तठी ट्रक चालवते. दारू नाही, मारपीट नाही, मी खोटं नाही बोलनार. लग्नानंतर वर्सभरानं वनिताले पोरगी झाली, बाळंतपन अठीच माझ्याकडं झालं, चांगली गोल चेहऱ्याची पोरगी, परी म्हनतो आमी तिले. दोन महिने राहून ती सासरी गेली, आनि मंग तिचे केस झडू लागले.

बाळंतपनानंतर झडतेच जी, माझे बी झडले होते, तुमच्या घरच्या बायायचे बी झडले असतीन, विचारा त्यायले. पन हिचे जास्तच झडले. मले फोनवर म्हने, बरी आहो माय. पहिले ती चेहरा दाखवून बोले, परीले दाखवे, मंग नुसता आवाज. मी म्हनलं काहून गं, दाखव न. म्हने, नेट नाही माय अठी. मी भरोसा ठेवला.

मंग तिच्या ननदेचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी आमी दोघंबी सकाळीच निघालो, साकोली, भंडारा, तुमसर असं करत दुपारी पोचलो चिखल्याले. मांडव मोठा टाकला होता, गाने लागून राहिले होते, नवरी पाटावर बसली होती आनि बाया ताटात हळद, वाटीत तेल घेऊन एकामागं एक नवरीले लावून राहिल्या होत्या. इहीनबाई खुर्चीवर, मांडीवर परी, नवी फ्राक घालून, जो येते त्याले दाखवून राहिली, हे पाहा आमची नात. मी परीचा मुका घेतला आनि विचारलं, वनिता कोठी आहे? म्हने, असन आतमधी, काम आहे लग्नाचं. आता वनिता घरची एकुलती सून, ननदेले हळद तिनं पहिले लावाची, ती आत काहून? पन लग्नाचं घर आहे, मी तशीच आत गेली. सैपाकखोलीत नाही. मागच्या खोलीत नाही. मंग मागच्या दारातून बाहेर पाहिलं.

मोरीजवळ बसून माझी पोरगी सैपाकाचे मोठे गंज घासून राहिली होती. जुनं लुगडं नेसलेलं, डोक्स्याले रुमाल करकचून बांधलेला, बाजूले एक भाड्यानं आनलेली बाई भांडे धुवून राहिली होती तिच्यासारखीच. मले पाहून उठली, हसली, म्हने, आली का माय, बाबा आले का? म्या म्हनलं, तू अठी काहून? तं म्हने, पाव्हने आहेत न माय, लोकं विचारतेत का काय बिमारी आहे, आत्याबाई म्हनल्या लग्न होईपर्यंत मागंच राहा. सासूले आत्याबाई म्हनते ती.

मी रुमाल सोडला. ती नको नको म्हनून राहिली, मी सोडलाच.

कसं सांगू जी. समोरून अर्धं डोक्सं उघडं, आनि जे उघडं तठी जखमा, खपल्या, काही ओल्या. म्या म्हनलं हे काय आहे? म्हने, आत्याबाई रोज कांद्याचा रस लावतेत, त्यात निंबू पिळतेत, आनि खसाखसा घासतेत, म्हनतेत जोरात घासल्याबिगर मुळं जागे होत नाही. नखं लागत माय, आग होये. मी म्हनलं नका लावू, तं म्हनल्या केस पाहून सून केली होती, आता लोकायले काय दाखवू. मी विचारलं, दवाखान्यात नेलं का? नाही. प्रमोद काय म्हने? तं पोरगी खाली पाहाले लागली. म्हने, ते काही नाही म्हनत माय. ते माझ्याकडं पाहतच नाही, भिताडाकडं पाहून बोलतेत.

मारलं असतं न त्यानं तं मले समजलं असतं काय कराचं. हे भिताडाकडं पाहनं, याचं काय करावं मानसानं, सांगा बरं तुमी.

मी तिचा हात धरला आनि घरातून सरळ मांडवात आनलं, तशीच, उघड्या डोक्स्यानं. गाने चालूच होते. वनिताच्या बाबानं मले पाहिलं तं तिथूनच हातानं इशारा करून राहिले, शांत राहा, लग्नाचं घर आहे. तिकडं म्या पाहिलंच नाही. नवरीच्या बाजूले एक खाली पाट होता, त्याच्यावर वनिताले बसवलं, मी तिच्या मागं बसली आनि त्या हळदीच्या ताटातली तेलाची वाटी उचलली.

इहीनबाई खुर्चीवरून वरडली, अवो ते नवरीचं तेल आहे, अपशकुन करता का? म्या म्हनलं, अपशकुन तुमी केला इहीनबाई, मागच्या मोरीवर बसवला होता, मी तं त्याले समोर आनलं. आनि बोट बुडवले तेलात. जखमेले हात लावला नाही, बाजूबाजूनं, जठी कातडं चांगलं होतं तठीच, कानाच्या मागं, मानेत, हळूहळू. राग लय होता, पन बोटं मी हलकेच ठेवले. आनि लावता लावता बोलत गेली, साऱ्या बायायले आयकू येईन असं. म्हनलं, पाहा बायायनो, बिमारी नाही हे, बाळंतीन आहे माझी पोरगी, तुमच्या घरची लेक इच्या मांडीवरून उचलून मांडवात मिरवून राहिले आनि तिच्या मायले गंज घासाले लावलं, केस गेले म्हनून. मानूस गेला असता तं काय केलं असतं तुमी?

नवरी रडाले लागली, आंगभर हळद, आनि म्हने, वैनी, मले हळद लाव न. ते पोरगी चांगली होती, आताबी आहे. वनितानं हळद लावली तिले, दोन्ही गालाले. मंग मी उठली, इहीनीच्या मांडीवरून परीले घेतलं, तिनं दिलं बी. प्रमोद मांडवाच्या खांबाजवळ उभा होता. मी त्याले म्हनलं, जवाईबुवा, लेक नेऊन राहिली मी, तुमाले काही म्हनाचं आहे? तं तो खांबाकडं पाहून राहिला. आनि वनिताचे बाबा, सारं आयुष्य चूप राहनारा मानूस, थैली खांद्यावर टाकून म्हनते, तुमसरची बस किती वाजता आहे विचारून येतो.

दुसऱ्या दिवशी साकोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाईनं रक्त तपासलं, म्हने रक्त बहुत कमी आहे, गोळ्या दिल्या, जखमेले मलम दिलं, म्हने बाळंतपनानंतर झडतेत आनि वापस येतेत, घाबरू नका. मी विचारलं, तेल लावू का? म्हने जखमा सुकल्यावर लावा, हलक्या हातानं, रक्त फिरते, जिवाले आराम पडते, पन तेलानं केस उगवतेत असं समजू नका, हिले खाऊ घाला आनि झोपू द्या. म्हनून सांगतो जी तुमाले, लिवा तसंच, तेलाची करामत नाही.

जखमा सुकल्या, मंग रोज दुपारी जेवन झाल्यावर ओसरीत ती समोर, मी मागं, परी बाजूले झोपलेली. पहिले पहिले हात लावला का खांदे वर उचले, सासूच्या हाताचं भेव बसलं होतं आंगात. मी हात तसाच ठेवो, हलवो नाही. खांदे खाली आले का मंगच बोटं चालवो. मंग एक दिवस मान खाली घालूनच बोलाले लागली, कसं तिचं ताट वेगळं केलं केस पडतेत म्हनून, कसा लग्नातला फोटो बैठकीतून काढून ठेवला. मी आयकत होती आनि वाटे आताच जावं आनि त्या बाईच्या झिंज्या धराव्या. पन बोटं हलके. राग बोटात उतरू द्याचा नाही, हे लय कठीन आहे जी, धान रोवन्याहून कठीन.

धान कापनीले आला तवर केस आले, बारीक बारीक, धानाचे पऱ्हे उगवतेत न वाफ्यात तसे. आनि तेव्हाच प्रमोद आला. केस आल्यावर. कोनी सांगितलं असन. ओसरीत बसला, चहा पेला, वनिताकडं पाहिलं आनि म्हने, आता बरं दिसते, चाल घरी. माझ्या हातात विळा होता, खरं सांगतो, मी तो दाराआड ठेवून दिला.

वनितानंच उत्तर दिलं. म्हने, बरं दिसते म्हनून न्याले आले, उद्या बुखार आला आनि केस पुन्हा गेले तं? तो म्हने, माय तशी आहे, मी काय करू. तं ही म्हने, मायचं नाही विचारून राहिली, तुमचं विचारून राहिली. आनि तेलाची वाटी त्याच्या समोर ठेवली. म्हने, आज मायले नाही, तुमाले लावाचं आहे माझ्या डोक्स्याले.

ओसरी रस्त्यावर आहे आमची, लोकं येऊनजाऊन राहिले होते. तो इकडं पाहे, तिकडं पाहे, कान लाल झाले. म्हने हे बायायचं काम आहे. वनिता त्याच्याकडं पाठ करून बसली, बस. मंग त्यानं दोन बोटं बुडवले, तव्याले हात लावते तसा लावला. मंग पाची बोटं. लावता येत नव्हतं त्याले, तेल मानेवरून पोलक्यात जाऊन राहिलं होतं, पन लावलं त्यानं, आनि लावता लावता रडला. वनिता नाही रडली.

तेव्हा लगेच नाही गेली ती. म्हने पहिले वेगळी खोली पाहा. त्यानं पाहिली, तठीच चिखल्याले, खानीच्या वसाहतीजवळ, मंग गेली. आता परी चालते, बोलते. वनिताचे केस खांद्याले लागले, पहिल्यासारखे दाट नाही झाले, नाही होनार कदाचित. चेहरा दाखवून बोलते आता फोनवर. सासूच्या घरी सनाले जाते, वाढते, बोलते. मले म्हनते, माय, तू बी सोड आता. म्या म्हनलं, डोक्सं तुझं होतं, तू सोडलं, चांगलं केलं. माझा राग माझा आहे.

इहीनबाईनं दोनदा निरोप पाठवला, नातीले पाहाले या म्हनून. मी जातो, पोरीच्या खोलीवर जातो, पुढच्या गल्लीत इहीनीचं घर आहे, तठी नाही जात. देव तिलेबी सुखात ठेवो, मी वाईट नाही इच्छित. पन पानी पेनार नाही तिच्या घरचं. लिवलं का? हेबी लिवा. आनि तुमी सांगत होते न मंघाशी, घरी लेक आहे म्हनून, पाचवीत. मंग जा न बापा लवकर, बस सुटन तुमची, आनि बसा तिच्या मागं वाटी घेऊन. येत नसन तरी चालन.