नानांचे नारळ, काकूंची पन्हळ

मंडळी, जरा सरसावून बसा आणि आधी एक सांगा. भक्तीनं देवाची वाट अडते का? — ते मागचे काका मान हलवतायत, 'नाही' म्हणून. हलवू द्या! आख्यान संपेपर्यंत दमतील.

तर गजलक्ष्मी सोसायटी. चार मजले. बोअर आटलेली, नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी. पण पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली ही एवढी टाकी! गच्चीवरून सहा इंची पाइप थेट टाकीत. चेअरमन नाना कर्डिले दर जूनमध्ये गच्चीवर वरुणपूजा घालायचे. फेटा, सोवळं, फोटोग्राफर! नारळ फोडायचा — अर्धा नानांच्या घरी, अर्धा वरुणाला. वरुणाला म्हणजे कुठं? पाइपात! वर मूठभर फुलं, तांदूळ, सुपारी.

आणि गंमत बघा, टाकी दरवर्षी थोडी कमीच भरायची. नाना म्हणायचे, "पूजेत काहीतरी कमी पडतंय. यंदा दोन नारळ!" पुढच्या वर्षी चार! — हसताय काय? तुम्ही पाच घातले असते!

तळमजल्यावर सिंधूकाकू गायधनी. अंगणातल्या पत्र्याला त्यांनी पन्हळ लावलेली, खाली तीन ड्रम. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं — वर्षाची धूळ, कबुतरांचा प्रसाद, सगळं धुऊन जातं. मग ड्रमच्या तोंडाला पंचा बांधायचा आणि भरायचं. माहेरी आईनं शिकवलेलं.

यंदा काकूंची लेक बाळंतपणाला आलेली. रविवारी बारसं. पाहुणे चाळीस! आणि नाना दारात उभे.

"काकू, शनिवारपर्यंत हे ड्रम हलवा. सोसायटीची शोभा जाते."

"अहो नाना, बाळाच्या अंघोळीला पाणी कुठून आणू?"

"आपली टाकी आहे ना! यंदा सात नारळ घातलेत!"

"बाळाला नारळानं घासू का?"

"हलवा म्हणजे हलवा!"

शुक्रवारी दुपारी पाऊस आला. तीन तास, धो धो! काकूंचे ड्रम काठोकाठ. नानांनी ऐटीत टाकीचं झाकण उघडलं — आत एक बेडूक. तोही कोरडा! मग पाणी गेलं कुठं? गच्चीवर गुडघाभर साचलं, जिन्यानं उतरलं आणि चौथ्या मजल्यावर पहिलं घर लागलं तिथं शिरलं. घर कुणाचं? — बरोबर! नाना सोफ्यावर उभे, फेटा घरभर तरंगतोय!

बबन प्लंबरनं पाइपात खांद्यापर्यंत हात घातला. एक करवंटी निघाली. दुसरी. तिसरी... पंधरावीला तो म्हणाला, "नाना, पाइप आहे का प्रसादाचं दुकान?"

पाइप मोकळा झाला, पण पाऊस निघून गेला होता. टाकी कोरडी, नळ कोरडा, घरात चिखल. शनिवारी नाना बादली घेऊन खाली आले. ड्रम जागेवरच!

काकू म्हणाल्या, "हलवायला आलात?"

नाना खाली वाकून पंच्याची गाठ सोडायला लागले.

"पूर्ण सोडू नका पंचा. एका बाजूनं सैल करा आणि तांब्यानं घ्या. आणि नाना, दोन बादल्या न्या, एकीनं चिखल जायचा नाही."

रविवारी बाळाला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. पाळणा म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? नानांचा! तोही बेसूर.

काय काका, मान थांबली का? देव वरून देत होता, मंडळी. भक्तांनीच वाट बुजवली होती!

आता तुमच्याकडे येतो. आरतीनंतर मला नारळ द्याल — द्या, मी खातो, पाइपात घालत नाही. पण बारा वर्षं मी इथं घसा कोरडा करतोय. वरून धो धो ओततोय आणि तुमच्या टाकीत थेंब नाही! म्हणून घरी गेलात की आधी गच्चीवरचा पाइप बघा. आणि मग सावकाश, कुणी बघत नाही ना पाहून, कानात बोट घाला.

एखादी करवंटी निघेल!