रस्त्याचं इंजिन

हेमा : घुमटाचे पिस्टन या सिलिंडर हेडखाली नाही चालणार, आबा.

हिंमतराव : का न्हाई? रविराजनं स्वतः निवडून आणलेत.

हेमा : रेससाठी आणलेत. हेड आधीच घासून घासून पातळ केलंय. आतली जागा मी आत्ता सिरिंजनं ऑइल भरून मोजली. त्यात पिस्टनचा घुमट वर आला की उरतं काय? कॉम्प्रेशनचं प्रमाण बाराच्या वर जातंय.

हिंमतराव : जाडं गॅसकेट टाकू.

हेमा : तेही धरून पाहिलं. तरी अकराच्या खाली येत नाही. पंपावरचं पेट्रोल नाही पेलणार ते. मगरपट्ट्याच्या सिग्नलला गरम झालं की इंजिन ठोकायला लागेल, आणि एक दिवस पिस्टनलाच भोक.

हिंमतराव : ठिणगीचं टायमिंग मागं घेऊ की.

हेमा : म्हणजे ताकदही गेली आणि तापणार ते तापणारच. तुम्हीच शिकवलंत ना मला हे?

हिंमतराव : शिकवलं. चुकलं माझं.

हेमा : सपाट पिस्टन आहेत फळीवर. याच हेडला त्यांनी कॉम्प्रेशन साडेनऊवर येतं. गाडी निमूट चालेल.

हिंमतराव : निमूट! मंडईत भाजीला न्यायचीय का?

हेमा : तुमच्या मुलाला फिजिओथेरपीला न्यायचीय. रोज त्यांचा पाय दुमडून रिक्षात बसवते मी. स्पीडब्रेकर आला की ते डोळे मिटून घेतात. तुम्ही आलायत कधी बरोबर?

हिंमतराव : मग गॅरेज कुणी बघायचं?

हेमा : मीच बघते ना, परत आल्यावर.

हिंमतराव : तसं न्हाई म्हणलो गं. बस जरा. चहा सांगतो.

हेमा : नको. बसले तर परत उठणं नाही व्हायचं माझ्याकडून.

हिंमतराव : हेमा, ट्रॅकवर रविराजची गाडी उलटली त्या दिवसापासनं हे इंजिन असंच खोलून पडलंय. मी हात लावला न्हाई. सपाट पिस्टन घातले, की संपलं. उद्या पोरगं बरं झालं, रेसला जातो म्हणालं, तर काय दावायचं त्याला?

हेमा : डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं तुम्हाला.

हिंमतराव : डॉक्टर काय देव हाय?

हेमा : नाही. पण घोट्याचा एक्स-रे मलाही दाखवला त्यांनी. तो पाय चालेल, आबा. काठीनं चालेल. पण क्लच दाबणं नाही जमायचं त्याला.

(रविराज वॉकर टेकत मागच्या दारातून येतो.)

रविराज : घरात ऐकू येतंय सगळं.

हिंमतराव : तू कशाला उठलास रे?

रविराज : झोपून कंटाळा आला. किती आलं, हेमा?

हेमा : बाराच्या वर.

रविराज : मग रस्त्याला नाही चालणार.

हिंमतराव : रस्त्याचं बोलतंय कोण? तुझं इंजिन हाय ते. तू जुळवलंयस.

रविराज : आबा, ते पिस्टन मी जयसिंगला देतोय. पुढच्या रेसला माझ्या जागी तोच उतरतोय. संध्याकाळी न्यायला येईल.

हिंमतराव : मला न विचारता?

रविराज : विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि ते ऐकून मला बरं वाटलं असतं. म्हणून नाही विचारलं.

हेमा : मलाही नाही बोललात.

रविराज : तू रडली असतीस.

हेमा : रडायला वेळ कुठंय मला?

रविराज : दिसतं मला ते. पडल्या पडल्या तेवढंच तर दिसतं... आबा, सपाटच टाका. हेमा चालवेल गाडी. मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसेन.

(हिंमतराव घुमटाचे पिस्टन एकेक करून फडक्यात गुंडाळतात.)

रविराज : आबा?

हिंमतराव : ऐकलं. हेमा, तो पाना ठेव खाली. पिस्टन मी बसवतो.

हेमा : अहो, तुमचे डोळे—

हिंमतराव : डोळं हायेत अजून. तू बस. चहा येईल आता. आणि तू रे, मागं कशाला बसतोस? पुढं बस. सीट मागं सरकवून देतो मी.